बाटलीतलं उलथणं

वडगाव, बेळगाव
रविवार, १३ फेब्रुवारी १९८३

श्री. हरिभाऊ यांसी,

शरदचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द शब्दशः घ्यावा. खोलीतली भांडी, पुस्तकं आणि मुळे बाजूला सारून आडवं होण्यापुरती जागा आज सकाळीच मोकळी केली आहे.) इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी आणि स्टोव्ह दोघेही अजून पेटतो. तिकडचं क्षेम तुमच्या बहिणीच्या, वासंतीच्या कार्डांवरून कळतं. ती तुमच्याकडे येऊन आज सत्तेचाळीस दिवस झाले आणि कार्डं आली दोन. पहिल्यात लिहिलं होतं, "अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. दूध अर्धा लिटरच घ्यावं." दुसऱ्यात, "अण्णांच्या डोळ्याला आराम आहे. पिठाला जाळी धरली असेल, बघावं." कुणी घ्यावं, कुणी बघावं, ते लिहिलेलं नाही. तरी मी अर्धा लिटर घेतो आणि पीठही बघितलं. जाळी धरली होती.

डॉक्टरांनी तुम्हाला मार्चात चष्मा मिळेपर्यंत वाचायला, वाकायला आणि चटकन उठायला मनाई केली आहे असं कळलं. ती काटेकोर पाळावी. म्हणजे हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार. अंबुबाई मावशींना ऐकू येत नाही आणि त्यांची अक्षरांशी ओळखही नाही. तेव्हा घरात वाचणारं माणूस एकच उरतं. त्या माणसाला विनंती की कंसातला मजकूर मोठ्यानं वाचू नये. कंस ही माझी लिहिण्याची जुनी खोड आहे, त्यात तुमच्या कामाचं काही नसतं. (गादी उन्हात टाकली. दोनदा. निळी साडी दांडीवर होती, ती तशीच आहे. काढावीशी वाटली नाही.)

माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाक मी शास्त्रीय पद्धतीनं करतो. डाळ तराजूवर तोलतो, पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रानं घालतो, फोडणीला किती सेकंद लागले ते वहीत टिपतो. आतापर्यंत चौदा वेळा आमटी केली आणि चौदाही वेळा ती हुबेहूब आमटीसारखी दिसली. ह्यापलीकडे तिच्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. खाली घरमालकीण बाळाबाईंचे साड्या विणायचे दोन माग सकाळी सातला सुरू होतात. अकरा वर्षं आम्ही त्यांच्या डोक्यावर राहतो, पण ते एवढा आवाज करतात हे मला डिसेंबर संपताना कळलं. मी खाली जाऊन विचारलं, तिसरा माग बसवला की काय? बाळाबाई म्हणाल्या, "न्हाय वो सर, हे दोनच हाईत. वैनी बोलत असत्यात न्हवं, म्हणून तुमास्नी ऐकू येत न्हवतं." मी वर आलो. त्या दिवशी आमटी केली नाही.

असो. दिवाळीत तुम्ही विचारलं होतं, "शरदराव, सात वर्षं तुम्ही नक्की करता तरी काय?" तेव्हा माझ्या तोंडात चकली होती म्हणून उत्तर राहिलं, ते आज देतो. बोट कापलं की दवाखान्यात कंपाउंडर जखमेवर पेरॉक्साइड ओततो आणि पांढरा फेस येतो. लोकांना वाटतं, औषध जोरदार आहे. तो जोर औषधाचा नसतो, आपल्या रक्ताचा असतो. शरीरातली कामं झटपट उरकणारे काही पदार्थ असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. ह्या एका एन्झाइमच्या पोटात लोखंड असतं आणि ते पेरॉक्साइड दिसलं की त्याचे तुकडे पाडतं, पाणी वेगळं आणि प्राणवायू वेगळा. प्राणवायू बाहेर पळतो, त्याचाच तो फेस. हे एन्झाइम बटाट्यात आहे, मुळ्यातही आहे. माझं काम एवढंच, की तेच एन्झाइम नकली, हातानं बनवायचं. आता खऱ्या एन्झाइममध्ये लोखंड असतं चिमूटभर आणि त्याच्याभोवती प्रथिनाचा हा एवढा पसारा. नुसता गुंता. काही करताना तर दिसत नाही. धारवाडचे आमचे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर पहिल्याच दिवशी म्हणाले, पसारा टाकून द्या, फक्त लोखंड ठेवा, त्याला चहूबाजूंनी धरणारा एक छोटासा पिंजरा बांधा आणि काम करून घ्या. तर सात वर्षं मी पिंजरे बांधतो आहे.

पिंजऱ्यातलं लोखंड काम करतंही. फेस येतो. पण तुलना करायला शेजारी खरं एन्झाइम लागतं, म्हणून मुळ्याचा रस ठेवावा लागतो, आणि मुळा दर वेळी मला हरवतो. माझ्याकडे एम.एस्सी.चा पहिला वर्ग आहे, मुळ्याकडे काहीही नाही. तो शनिवारच्या बाजारातून पिशवीत डोकं खाली करून येतो आणि माझ्या सात वर्षांवर पाणी ओततो. शिवाय त्याचा वास. रस गाळायला घरातलं मलमल गेलं, किसायला घरची किसणी गेली, आणि वर्षभर आमच्या खोलीत दुसऱ्या कशाचा वास आला नाही. वासंती त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. फक्त ताट घेऊन खिडकीत जेवायला बसू लागली. (मला वाटायचं, रस्त्यावरची गंमत बघायला.)

ह्या नकली एन्झाइमला लागतं शुद्ध लोखंड. आमच्या कॉलेजनं त्याची मागणी नोंदवली त्याला चौदा महिने झाले होते. अर्ज कानडीत केला, इंग्रजीत केला, तीन-तीन प्रतींत केला. मध्ये एकदा खोकं आलं म्हणून मी धावत गेलो, तर त्यात फिनेलच्या सहा बाटल्या निघाल्या. शेवटी बाजारातले खिळे आणून विरघळवले. त्यांना जस्ताचा मुलामा होता. पिंजऱ्यात लोखंडाच्या जागी जस्त जाऊन बसलं आणि फेसाचा पत्ताच नाही. सर म्हणाले, "जुनं लोखंड बघा. पन्नास वर्षांपूर्वीचं, कोळशाच्या भट्टीतलं. ते आजच्यापेक्षा शुद्ध असतं." मी हा विचार करत घरी आलो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

हरिभाऊ, इथून पुढचं जरा टेकून ऐका. आमच्या कढईमागे खिळ्याला एक उलथणं टांगलेलं असायचं. पातं पातळ झालेलं, एका कोपऱ्याला झिजून तिरकं झालेलं, दांड्याच्या टोकाला कडी. तुमच्या आईचं. लग्नात तुम्हीच ते वर्तमानपत्रात गुंडाळून, स्टीलच्या भांड्यांच्या मधे, ट्रंकेत ठेवलं होतं. त्याचं काय झालं हे वासंतीनं तुम्हाला सांगितलेलं नाही. तुम्ही कंडक्टरबरोबर मला संक्रांतीचा डबा पाठवलात त्यावरूनच ते कळलं, कारण माहीत असतं तर तिळगूळ पाठवला नसता. (वड्या कुणी थापल्या ते ओळखलं. तुमच्याकडे चौकोनी कापतात. ह्या तिरक्या होत्या.) जे तिनं सांगितलं नाही ते मीच सांगतो. तिच्या तोंडून तुम्हाला ऐकावं लागतं आहे, त्याला इलाज नाही. वाचताना आवाज बसला तर तिला पाणी द्यावं.

पातं सगळं घ्यायचा माझा विचार नव्हता. कोपऱ्याची बोटभर कड पुरेशी होती. प्रयोगशाळेत बरणीत ॲसिड भरलं, उलथणं वरून दोऱ्यानं असं टांगलं की तेवढीच कड बुडेल, आणि सरांचा निरोप आला म्हणून एका दिवसासाठी धारवाडला गेलो. राहिलो तीन दिवस. ॲसिडच्या वाफांनी दोरा खाल्ला. मी परतलो तेव्हा दांडा बरणीच्या काठाला टेकून उभा होता आणि पातं नव्हतं. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. पिवळसर तपकिरी द्रावण, तळाशी गाळ नाही, इतकं स्वच्छ लोखंड मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. बाटलीत भरलं, वर चिठ्ठी लावली, "शुद्ध लोह." नाताळच्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं, म्हणून बाटली घरी आणून लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली.

वासंती चार दिवस उलथणं शोधत होती. बाळाबाईंकडेही विचारून आली. शेवटी मला विचारलं तेव्हा मी बाटलीकडे बोट दाखवलं. आणि मग, हरिभाऊ, मी तिला समजावून सांगितलं. माफी मागितली नाही, समजावून सांगितलं. पंचवीस मिनिटं. कागदावर पिंजरा काढला आणि सासूबाईंचं लोखंड त्यात कुठं बसेल तिथं गोल केला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती झीज आईच्या हातची होती." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती निपाणीला आली. तुमचं ऑपरेशन आठ दिवसांवर होतं. तयारीला आले असं ती म्हणाली असणार. मोतीबिंदूला कसली तयारी लागते हे तुम्ही तिला विचारलं नाहीत, हे मी जन्मभर विसरणार नाही. उलथणं तुमच्याही आईचं होतं. माझी चूक झाली. मला क्षमा करा.

पुढे काय झालं तेही ऐका. ह्या लोखंडाचं संयुग फार सुंदर जमलं, गडद तपकिरी, चकचकीत कण. संक्रांतीच्या आधल्या दिवशी त्यावर पेरॉक्साइड ओतलं आणि फेस नळीबाहेर उतू गेला. पहिली पाच मिनिटं मुळा मागे पडला होता. सात वर्षांत पहिल्यांदाच. मी हर्षानं वळून "अगं, बघ" असं म्हणालो. प्रयोगशाळेत वासंती कधीच नसते, तरी म्हणालो. मग लक्षात आलं की आता घरी जाऊनही हे कुणाला सांगता येणार नाही, आणि स्टुलावर बसून राहिलो. तेवढ्यात रंग उतरायला लागला. पंधरा मिनिटांत द्रावण पाण्यासारखं फिकं पडलं आणि फेस थांबला. मुळ्याचा रस मात्र संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत मुकाट्यानं काम करत होता.

सरांना जाऊन विचारलं, असं का? ते म्हणाले, नकली लोखंड समोरचं तोडता तोडता आपलाच पिंजरा खातं. खऱ्यात तसं होत नाही, कारण भोवती पसारा असतो. तो काही करत नाही असं आपल्याला वाटतं, पण लोखंडाला ताळ्यावर ठेवायचं काम त्याचंच आहे. परत येताना कित्तूरला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, मी उतरलो नाही. कॉलेजात मी हुशार समजला जातो. इस्त्रीचा शर्ट, वेळेवर डबा, परीक्षेचे पेपर तपासताना उशाशी आलेलं पाणी, सरांपुढे बोलायला निघताना "आज कमी बोला" अशी सूचना, ह्यातलं काहीही मी प्रबंधात नोंदवलेलं नाही. मला वाटत होतं, फेस माझा आहे. (पसारा म्हटल्याबद्दल राग मानू नये. ती शास्त्रीय संज्ञा आहे. आणि वासंती, मी फिका पडलो आहे गं.)

बाटलीत अजून बरंच लोखंड होतं. पुढची सगळी मोजमापं त्याच्यावरच करायची होती. त्यात मी धुण्याचा सोडा टाकला. तांबूस चिखल खाली बसला, तो गाळून वाळवला. तयार झालेलं संयुग होतं, तेही जाळून त्यात मिसळलं, कारण तेही त्याच उलथण्यातलं. सरांना सांगितलं ते नंतर. ते पाच मिनिटं कानडीत बोलले आणि मला प्रत्येक शब्द समजला. प्रबंध एक वर्ष पुढे गेला. मग त्यांनी विचारलं, उलथणं कुणाचं होतं? सासूबाईंचं म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला जा म्हणाले. त्याच आठवड्यात कॉलेजची मागणी पुरी झाली. एक डबा शुद्ध लोखंड मागवलं होतं, तीन आले.

तो वाळलेला चिखल घेऊन मी काकतीला सत्याप्पा लोहाराकडे गेलो. त्यानं पुडी उघडून विचारलं, "ह्ये काय हाय सर?" मी म्हणालो, उलथणं. "ह्यो तर गेरू हाय," सत्याप्पा म्हणाला. मी समजावून सांगायला सुरुवात केली, पण मध्येच मला ती पंचवीस मिनिटं आठवली आणि पुडी त्याच्याकडे सरकवली. त्यानं तो गेरू कोळशाच्या भुकटीबरोबर मडक्यात भरला, तोंड मातीनं लिंपलं आणि भट्टीत ठेवलं. दिवसभर भाता मी ओढला. संध्याकाळी मडकं फोडलं तर आत लिंबाएवढा खडबडीत, करडा गोळा. सत्याप्पा म्हणाला, "एवढ्यात पातं न्हाय व्हायचं. बैलगाडीच्या चाकावरच्या धावंचं लोखंड मिसळावं लागंल. लई खटपट केलासा सर, बाजारात नवं मिळालं असतं की." तेव्हा मात्र मी खरं कारण सांगितलं, की बायको माहेरी गेली आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि भात्याकडे बोट दाखवलं. "मग वढा अजून. जरा दणकटच करू या."

तर आता उलथणं तयार आहे. दांडा आणि कडी तीच, तुमच्या आईच्या हातातली. पात्यात आईचं लोखंड आहे, बैलगाडीचंही आहे. दिसायला हुबेहूब. काल मी थालीपीठ लावलं आणि ह्या उलथण्यानं काढून बघितलं. थालीपीठ तव्यावरून पाच तुकड्यांत निघालं. दोन्ही कोपरे चौकोनी आहेत ना, त्यांना झीज नाही. सत्याप्पाला विचारलं, एक कोपरा घासून तिरका करून देशील का? तो म्हणाला, "घासून दिलं तर त्ये घासल्यालंच दिसंल, सर." मी आग्रह केला नाही.

पत्र लांबलं. प्रयोगवहीचे कागद आहेत, एक बाजू कोरी आणि एक रेघांची, त्यामुळे कुठं थांबावं ते कळत नाही. डोळ्यांना जपावं. अंबुबाई मावशींना माझा नमस्कार खुणेनं सांगावा.

आपला,
शरद

ता. क. : उलथणं पार्सलनं पाठवणार होतो. पोस्टातल्या माणसानं आत काय आहे असं विचारलं. मी सांगू लागलो तशी मागची रांग कुरकुरू लागली, म्हणून परत घेऊन आलो. आता येत्या रविवारी, वीस तारखेला, स्वतःच घेऊन येतो. दहाच्या गाडीनं निघून दुपारी पोचेन. बरोबर मुळे नसतील.

ता. क. २ : हरिभाऊ, हे तुमच्यासाठी नाही, पण ऐकलंत तरी चालेल. वासंती, कंस वाचले नसशील तर आता मनातल्या मनात वाच. तुला लिहायला बसलो की दर वेळी 'समजावून सांगणं' सुरू व्हायचं आणि मी कागद फाडायचो. अण्णांच्या नावानं लिहिलं म्हणजे तुला ते सगळं तुझ्या आवाजात वाचावं लागेल, आणि तो आवाज मनात धरून मला लिहिता येईल, म्हणून हा उपद्व्याप. सकाळी माग सुरू झाले की मी तोच शोधत असतो. तुझ्या आईची झीज मला परत करता येत नाही. कुठल्याही भट्टीत ती होत नाही. डबा, इस्त्री, दूध, सगळं मी शिकेन (आमटी बहुतेक नाही), त्यासाठी येऊ नकोस. मला तू हवी आहेस म्हणून ये. उलथणं मी वापरणार नाही. त्याचा कोपरा झिजायचा तर तो तुझ्याच हातानं झिजू दे.

ता. क. ३ : हरिभाऊ, तुम्हाला चटकन उठायला मनाई आहे आणि मावशींना कडी ऐकू येत नाही. तेव्हा दार कुणी उघडायचं हा प्रश्न डॉक्टरांनीच सोडवला आहे. मी कडी एकदाच वाजवीन. हातात उलथणं असेल, शेजाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये. दार उघडलं नाही तर उलथणं कडीला अडकवून संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.